अख्खा अल्बम ऐकणाऱ्यांसाठी: तुमचा कोणता, आणि का?

बी_साईड

आवडत्या गाण्यांचे धागे रग्गड झाले. हा अल्बमचा धागा आहे. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, क्रम न मोडता ऐकलेला एक अल्बम घ्यायचा आणि त्याबद्दल नीट लिहायचं. 'अंगावर काटा आला' आणि 'शब्दच नाहीत' हे दोन शेरे इथे बाद. शब्द नसतील तर परीक्षण लिहायला बसायचं कशाला? साथीला कोण आहे, क्रम असाच का लावलाय, कुठे रेंगाळलंय, कुठे उरकलंय, ध्वनिमुद्रण कसं आहे, हे सांगा. आणि काय ऐकलंत तेही सांगा: एलपी, कॅसेट, सीडी की मोबाइल. त्यानं फरक पडतो.

सुरुवात मीच करतो. 'कॉल ऑफ द व्हॅली', एचएमव्ही, १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, अशी कल्पना. सकाळी अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. म्हणजे रागांच्या वेळा हीच गोष्टीची घडी. निवेदन नाही, शब्द नाहीत, तरी दिवस पुढे सरकतो. मला यात सगळ्यात आवडतात ते काब्रा. संतूर आणि बासरीचं कौतुक सगळेच करतात, पण संतूरचा सूर तुटक असतो, आघात झाला की विरायला लागतो. त्या दोन आघातांमधली मोकळी जागा गिटारची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, भरून काढते. काब्रा नसते तर हा अल्बम नुसता गोड झाला असता.

उणं काय? देस. फार लवकर संपतो. आत्ता कुठे वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली होती.

मम_म्हणा

मम. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

दगडूशेठ_नंतर_डावीकडे

दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये हाच अल्बम वाजत असतो. संगीत म्हणून त्याला पडद्यांच्या कापडाइतकंच महत्त्व असतं तिथे. रागाला बसायला जागा नाही, तबला पाहुण्यासारखा दारात उभा. काश्मीर पर्यटनाची जाहिरात म्हणून उत्तम.

बाकी विषयच काश्मीरचा आहे, त्यामुळे या धाग्याचं काय होणार ते दिसतंच आहे. बसून घेतो.

बी_साईड

@दगडूशेठ, अहिर भैरवचं सुरुवातीचं संतूर एकदा वेटिंग रूमच्या बाहेर ऐका. तबला येण्याआधीचं. मग बोलू.

आजोबांचा_फोनो

दोघांनीही एक नाव घेतलं नाही, म्हणून लिहितो. या तबकडीमागे एचएमव्हीचे जी. एन. जोशी होते. हे तेच जोशी, ज्यांनी ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' गाऊन मराठी घरांत भावगीत पोचवलं. वकिली शिकलेला, स्वतः गाणारा माणूस पुढे ध्वनिमुद्रणाच्या काचेपलीकडे बसला. अब्दुल करीम खाँसाहेबांपासून चालत आलेली तीन-साडेतीन मिनिटांच्या तव्याची, म्हणजे जुन्या ७८ गतीच्या रेकॉर्डची, शिस्त आणि एलपीची वीसेक मिनिटांची बाजू, दोन्हींचा अंदाज असलेला माणूस होता तो. राग कुठे थांबवायचा, हा निर्णय काचेपलीकडूनही होत असतो हे लक्षात घ्या.

शिवजी आणि हरीजी दोघंही १९३८चे. म्हणजे तेव्हा तिशीही नव्हती. संतूर हे मैफलीचं वाद्य आहे की नाही यावर तेव्हाची जाणती मंडळी नाकं मुरडत होती. अशा वेळी कंपनीनं तिघा तरुणांना एकत्र बसवून तबकडी काढायची, हा जुगार होता. आज त्याचे सूर दवाखान्यात वाजतात म्हणून तो जुगार नव्हता असं होत नाही.

दगडूशेठ_नंतर_डावीकडे

काका, जोशींची गोष्ट माहीत नव्हती, मजा आली. पण जुगार धाडसी होता म्हणून संगीत आपोआप चांगलं ठरत नाही. इतिहासाचे गुण वेगळे, सुरांचे वेगळे. परीक्षणात आपण ते नेहमी एकत्र मोजतो.

खर्जातला

दगडूशेठांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन, आणि म्हणूनच माझी निवड अशी, की जिचे गुण फक्त सुरांवर द्यावे लागतील. किशोरी आमोणकर, एलपी, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री. भूपात 'प्रथम सूर साधे' विलंबित (संथ लयीत) आणि मग 'सहेला रे' द्रुत (जलद लयीत).

लोक 'सहेला रे' ऐकतात आणि विलंबित ओलांडून जातात. मोबाइलवर तर थेट तिथेच उडी मारता येते. पण 'सहेला रे'चा जो उजेड आहे, तो आधीच्या विलंबितातल्या गंधारावरच्या मुक्कामातून आलाय. भूपात पाचच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. लपायला जागा नाही. ताई गंधारावर येतात, थांबतात, पुन्हा निघतात आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं परत येतात. मग द्रुत सुरू होतं तेव्हा तो गंधार आपल्या ओळखीचा झालेला असतो. थेट द्रुत ऐकणाऱ्याला नुसती चांगली बंदिश मिळते.

तबकडी उलटायला उठावं लागतं, हाही भाग धरा. भूप संपल्यावर लगेच बागेश्री कानावर आदळत नाही. सीडीवर दोन सेकंदांत येते. माझ्या मते ती चूक आहे.

पेटीवाला_सांगली

कान धरून सांगतो, वीस-पंचवीस मिनिटांत जयपूर घराण्याचा विलंबित ख्याल मांडणं म्हणजे तडजोड. ताईंना मैफलीत ऐकलेले लोक अजून आहेत. त्यांना विचारा. तिथे भूप तास तास चालायचा, श्रोत्यांकडे बघून एखादी जागा दोनदा घेतली जायची, कधी बिनसायचंही. रेकॉर्डवर बिनसत नाही आणि तेच खोटं आहे. त्यामुळे अभिजात संगीतात 'अल्बम' हा प्रकारच मला पटत नाही. मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर चालेल. पुण्याच्या अलूरकरांनी खासगी बैठकींच्या कॅसेट काढल्या, त्यांत खोकल्याचे आवाज आहेत, दाद आहे, पेटीचा भाता ऐकू येतो. ते खरं.

खर्जातला

पेटीवाले, तुमचा मुद्दा मैफलीबद्दल खरा आहे, तबकडीबद्दल नाही. भीमसेनजी ज्यामुळे घर सोडून निघाले ती अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, 'पिया बिन नही आवत चैन', तव्यावरचीच होती. तीन मिनिटांची. तडजोडीतून गाणं असं सुचत असेल तर मला तडजोड मान्य आहे. वेळ कमी असला की गवय्याला निवडावं लागतं. काय ठेवलं आणि काय टाकलं, यात त्याची समज दिसते. तासाभरात ती झाकली जाऊ शकते, हेही तुम्हाला माहीत आहे!

पेटीवाला_सांगली

ते माहीत आहे. नावं घेत नाही.

पेडण्याची_पोर

तीन मिनिटांवरून: केसरबाई केरकरांच्या 'जात कहाँ हो'चं काय करायचं? भैरवी, साधारण साडेतीन मिनिटं. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर ज्या सोनेरी तबकड्या पाठवल्या त्यांवर भारतातून गेलेलं संगीत एवढंच. आमच्या केरी गावची बाई सूर्यमालेच्या पार गेली, हे सांगताना आम्हा गोंयकारांचा आवाज जरा चढतोच, माफी असावी.

पण धाग्याच्या नियमात बसेल असं सांगते. त्या तबकडीकडे अल्बम म्हणून बघा. जगभरातल्या सत्तावीस रचना, सगळं मिळून दीड तास, कुणीतरी क्रम लावलेला. केसरबाईंच्या आधी चीनच्या गुछिन वाद्यावरची वाहत्या पाण्याची रचना. नंतर अमेरिकेतला अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन, शब्दांशिवाय गुणगुणणारा. आणि शेवटी बीथोवनच्या तेराव्या चौकडीतला 'कावातिना'. हे चार तुकडे सलग ऐकलेत? वाद्याचा एकटा सूर, मग केसरबाईंचा तो रुंद आकार, मग नुसतं कण्हणं, मग चार तंतुवाद्यं. ज्यानं कुणी हा क्रम लावला त्याला सूर कळत होता. केसरबाई मधे नसत्या तर गुछिनवरून जॉन्सनवर जाताना ठेच लागली असती.

सुधाताई

पेडण्याच्या मुली, खूप छान लिहिलंस. हा क्रम मला ठाऊकच नव्हता, आज दुपारी ऐकते.

माझी निवड साधी आहे. लताबाईंचे 'अभंग तुकयाचे', संगीत श्रीनिवास खळे. एक संत, एक गळा, एक संगीतकार. 'सुंदर ते ध्यान', 'भेटीलागी जीवा', 'अगा करुणाकरा', 'कन्या सासुराशी जाये'. खळेकाकांची चाल ऐकायला सोपी वाटते. स्वयंपाक करता करता म्हणायला जावं तर पहिल्याच ओळीत श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही. लताबाई तो श्वास कुठे लपवतात ते शोधत बसायचं, हा माझा जुना उद्योग आहे.

'कन्या सासुराशी जाये'मध्ये मागे वळून बघणारी मुलगी आहे ना, तिथे वाद्यं जवळजवळ गप्प होतात. आजच्या एखाद्या संगीतकाराला तिथे सनई घालायचा मोह आवरला नसता. भजनी मंडळात आम्ही हे अभंग म्हणतो तेव्हा टाळ जोरात वाजवून सगळं बुजवून टाकतो. अल्बममध्ये ते संयमानं ठेवलंय. उणं विचाराल तर कोरस. मला तो जिथे तिथे खटकतो, लताबाईंच्या मागे माणसं भिंतीशी उभी केल्यासारखा.

दगडूशेठ_नंतर_डावीकडे

सुधाताई, कोरसबद्दल बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पण मग भीमसेनजींची 'अभंगवाणी' का नाही?

सुधाताई

अरे, गाणी म्हणून ती माझ्या जास्त जवळची आहेत. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' शिवाय आमच्याकडे आषाढी होत नाही. पण नियम अल्बमचा आहे ना! 'अभंगवाणी' म्हणून आज जे मिळतं त्यात 'तीर्थ विठ्ठल', 'काया ही पंढरी' हे राम फाटकांचं, 'राजस सुकुमार', 'सावळे सुंदर' हे खळेकाकांचं. दोन स्वभावांचे संगीतकार. फाटकांची चाल वारीत चालणारी, खळेकाकांची एका जागी बसून डोळे मिटणारी. एकापाठोपाठ एक आली की मला धक्का बसतो. संग्रह सुंदर, अल्बम नव्हे.

खर्जातला

ताई, हे परीक्षण आहे! 'चालणारी आणि बसणारी' एवढ्यावर एक लेख होईल.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. घरच्यांनी गाडीत फक्त मराठी लावायचं असा ठराव केल्यामुळे हे इथे लिहून मन मोकळं करतो. जाझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू', १९५९. दोनच सत्रांत, मार्च आणि एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रित. वादकांना आधी तालमी नव्हत्या, स्वरपंक्तींची (स्केल्सची) टिपणं हातात दिली आणि वाजवायला लावलं. आपल्यातले बरेच जण याला लगेच 'जाझमधला राग' म्हणतात. मला ते पटत नाही. स्वरपंक्ती म्हणजे राग नव्हे. चलन (स्वरांची ठरलेली चाल) नाही, न्यास (ठरलेला मुक्काम) नाही, पकड (ओळख पटवणारी स्वरांची जुळणी) नाही. आहे ती मोकळीक. रागात वाटा ठरलेल्या असतात आणि मजा त्या वाटांवर चालण्यात असते. इथे मैदान दिलंय.

आणि बी_साईड म्हणतात त्या 'काय ऐकलंत ते सांगा' या मुद्द्याला यापेक्षा मोठा पुरावा नाही. मार्चच्या सत्रात ध्वनिमुद्रणाचं मुख्य यंत्र किंचित सावकाश चालत होतं. त्यामुळे तबकडीवर पहिल्या बाजूच्या तीनही रचना मूळ स्वरापेक्षा थोड्या चढ्या उतरल्या. हे १९९२च्या सुमारास नव्या आवृत्तीत सुधारलं गेलं. म्हणजे तीस वर्षं लोक तबकडीबरोबर वाजवून शिकत होते आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजून खुंट्या पिळत होते. आता सांगा, जुन्या चढ्या सुरातली पहिली बाजू ज्याच्या कानात बसलीये, त्यानं नवी ऐकून 'मजा गेली' म्हटलं तर तो चूक की बरोबर?

आजोबांचा_फोनो

आपल्याकडे हा घोळ किती मोठा आहे याची कल्पना येत नाही लोकांना. '७८ गतीचा तवा' म्हणतो आपण, पण अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची गती नेमकी ७८ असेच असं नाही. तो तवा आजच्या यंत्रावर ७८ने लावला की गवय्याची पट्टी बदलते. मग त्यावरून 'अमुक बाई काळी चारात गायच्या की पाचात' असे वाद. मूळ सूर काय होता ते तव्यावर लिहिलेलं नाही. दोन गतींनी ऐकून गळा कुठे नैसर्गिक वाटतो ते ठरवावं लागतं, आणि तिथेही दोन जाणकारांचं जमत नाही.

पेटीवाला_सांगली

पेटी घेऊन बसलं की कळतं. कित्येक जुन्या तव्यांचा षड्ज (सा) काळी आणि पांढरी यांच्या मधल्या फटीत सापडतो. गवई फटीत गात नसतो. यंत्र फटीत टाकतं.

मम_म्हणा

मम!

नवीन_आयडी_२

एक विचारू का, रागावू नका. टोपणनावं घेऊन किशोरीताई, शिवकुमारजी, लताबाई यांच्यात उणं काढायला आपल्याला काय अधिकार? त्यांच्या पायाची सर नाही आपल्याला. सगळ्यांनी आदरानं फक्त आनंद घ्यावा असं वाटतं.

बी_साईड

रागावत नाही, पण पटतही नाही. केशवराव भोळ्यांनी तीसच्या दशकात 'वसुंधरा' साप्ताहिकात त्या वेळच्या गवयांवर लेख लिहिले, ते कुठल्या नावानं? 'एकलव्य'. त्याचंच पुढे पुस्तक झालं. गवई हयात, गाते, आणि हा माणूस कुणाचा आवाज कुठे कच्चा, कुणाची तान कुठे नुसती कसरत, हे मराठीत लिहीत होता. टोपणनावानं. आणि स्वतः तो बिनकामाचा टीकाकार नव्हता, प्रभातच्या 'संत तुकाराम'चं संगीत त्याचं. मराठीत संगीताबद्दल लिहिण्याची जी वाट पडली त्यात या लेखांचा मोठा वाटा आहे. आदर म्हणून गप्प बसायचं ठरवलं असतं तर आज आपल्याला त्या काळचे बरेच आवाज कसे होते याचा अंदाजही आला नसता.

नवीन_आयडी_२

केशवराव भोळे जाणकार होते. आपण आहोत का?

दगडूशेठ_नंतर_डावीकडे

तिकीट काढलेला प्रत्येक जण सांगू शकतो त्याला काय ऐकू आलं. जाणकारी असेल तर 'का' सांगता येतं. नसेल तर 'कुठे' एवढं सांगावं. सुधाताईंनी कोरस 'कुठे' खटकतो ते सांगितलं, त्याला पदवी लागत नाही.

(मी कुणाच्या बाजूनं बोलतोय बघा. प्रकृती ठीक नसावी.)

पेडण्याची_पोर

रच्याकने (बाय द वे), गोष्ट सांगणाऱ्या अल्बमांत 'शिवकल्याण राजा' कसा कुणी घेतला नाही? १९७४, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा. हृदयनाथांचं संगीत, लताबाईंचा आवाज, मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज एका तबकडीत. 'वेडात मराठे' सुटं ऐकलं तर स्फुरण चढतं. निवेदनातून त्याच्यापर्यंत आलं तर मारले गेलेले सात आधी दिसतात. निवेदन गाळून नुसती गाणी यादीत टाकणाऱ्यांनी अर्धा अल्बम फेकून दिलाय.

एडिसनकर

निवेदनाच्या बाबतीत असहमत. पहिल्यांदा ऐकताना छान. दहाव्यांदा निवेदन ऐकवत नाही, गाणं ऐकवतं. 'गारवा' या अल्बममध्येही तेच. मधल्या कविता कॉलेजात पाठ होत्या, आता त्या आल्या की हात पुढे ढकलायला जातो. बोललेला शब्द लवकर जुना होतो, गायलेला टिकतो.

सुधाताई

मग 'गीतरामायणा'चं काय म्हणशील? आकाशवाणी पुण्यावर १९५५-५६मध्ये वर्षभर दर आठवड्याला एक, अधिक महिना आल्यानं छप्पन्न. तिथे माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशी वेगवेगळी मंडळी गायली. नंतरच्या रेकॉर्डवर सगळं बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजात. आमच्या पिढीच्या कानात बाबूजी पक्के बसलेत. माझी आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, रेडिओवरची सीता ती खरी सीता. आता 'गीतरामायण' हा अल्बम म्हणून कुठला धरायचा?

खर्जातला

रेडिओवरचं म्हणजे आठवड्याची वाट बघणं. तो अल्बम नाही, मालिका आहे. बाबूजींचा अल्बम आहे, कारण एकच माणूस राम, सीता, कैकेयी, हनुमान सगळे होतो आणि आवाज न बदलता फक्त उच्चार बदलतो. शब्द कुठे तोडायचा नाही हे शिकायचं तर तो संच ऐकावा. पण छप्पन्न गाणी सलग? नियम मोडायला लागेल.

बी_साईड

नियमाला हप्ते मान्य आहेत. एका बैठकीत एक बाजू.

आणि @एडिसनकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. माझ्या मते तो श्रोता बरोबर आहे, पण त्यानं लिहिताना 'मी चढ्या सुराची आवृत्ती ऐकली आहे' हे लिहिलं पाहिजे. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या नंतरच्या सीडीवर पहाडीच्या पुढे तिघांच्या इतर रचना जोडल्या आहेत. तीच प्रत ऐकणारा म्हणेल, शेवट पसरट आहे. त्याचं म्हणणं त्याच्या प्रतीपुरतं खरं. मूळ तबकडी पहाडीवर संपते.

दगडूशेठ_नंतर_डावीकडे

अहिर भैरवची सुरुवात ऐकली. तबला येण्याआधीचं संतूर चांगलं आहे, मान्य. तबला आल्यावर पुन्हा वेटिंग रूम. पिलूला गुण देतो, तिथे बासरी जरा हट्टीपणा करते. बाकी मत कायम.

पेटीवाला_सांगली

अल्बम पटत नाही म्हणालो, तरी एक सुचवतो. कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, 'मला उमजलेले बालगंधर्व'. गंधर्वभक्तांच्या घरांत यावरून ताटं वाजली होती. नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, पदं, पण नक्कल नाही. लय वेगळी, तोड वेगळी. एकीकडे मूळ तवा लावायचा, एकीकडे हे. पुढच्या रविवारी लिहितो, पण आधी नाट्यसंगीतवाल्या कुणीतरी विरोधी बाजू घ्यावी. एकट्यानं भांडायला मजा येत नाही.

आजोबांचा_फोनो

मी घेतो. लहानपणापासून त्या तव्यांवर वाढलोय, कुमारजींवर प्रेम असूनही विरोधात बोलायला भरपूर आहे. कुठल्या पदापासून सुरू करायचं तेवढं सांगा, म्हणजे तवा पुसून ठेवतो.